पी५३ची कोरी स्लाइड म्हणजे ‘नॉर्मल’ नव्हे

स्त्री प्रजननसंस्थेच्या कॅन्सरची पॅथॉलॉजी शिकायला लागलं की पहिला मोह होतो तो जनुकांच्या तक्त्याचा. तक्ता जवळ असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. स्तन-अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकांपैकी बीआरसीए१ १७व्या गुणसूत्रावर आणि बीआरसीए२ १३व्या, हे पाठ असून पेशी ओळखता येत नसेल तर रिपोर्ट लिहिताना हात अडतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते पी५३च्या इम्युनोने, म्हणजे पी५३ हे प्रथिन अँटीबॉडीने रंगवून दाखवणाऱ्या स्टेनने. अंडाशयाच्या हाय-ग्रेड सिरस कार्सिनोमात (कॅन्सरच्या एका आक्रमक प्रकारात) टीपी५३चं, म्हणजे हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचं, म्युटेशन जवळजवळ प्रत्येक ट्यूमरमध्ये असतं. त्यामुळे आपण गडद तपकिरी केंद्रकं शोधत बसतो. ‘पॉझिटिव्ह म्हणजे बिघाड, निगेटिव्ह म्हणजे ठीक’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि इथे ते साफ चुकतं. जनुक शाबूत असलं तरी थोडं पी५३ तयार होतच असतं, म्हणून काही केंद्रकं फिकट, काही मध्यम, मध्येच एखादं गडद असं सरमिसळ चित्र दिसतं. ते नॉर्मल. मिसेन्स म्युटेशनमध्ये (प्रथिनातला एकच घटक बदलतो) बिघडलेलं प्रथिन मोडलं जात नाही, साठत जातं, आणि बहुतेक सगळी केंद्रकं एकसारखी गडद होतात. नॉनसेन्स किंवा फ्रेमशिफ्टमध्ये (प्रथिनाची बांधणी अर्ध्यावर तुटते) अँटीबॉडीने धरावं असं प्रथिनच बहुधा उरत नाही. ट्यूमर पार कोरा दिसतो. हा कोरेपणासुद्धा म्युटेशनच आहे.

मग स्टेनच फसला नाही कशावरून? ट्यूमर सोडा आणि शेजारी बघा. स्ट्रोमाच्या (ट्यूमरभोवतीच्या आधार-ऊतीच्या) पेशी, लिम्फोसाइट, रक्तवाहिनीचं अस्तर यांच्या केंद्रकांत पुसट तपकिरी छटा आली असेल तर स्टेन चालला आहे आणि ट्यूमर खरोखरच ‘नल’, म्हणजे पी५३ प्रथिनच नसलेला, आहे. शेजारीही कोरे असतील तर काहीही लिहू नका, स्टेन परत मागवा. आधी शेजारी, मग ट्यूमर, हाच क्रम ठेवा. थकलेल्या संध्याकाळी तोच वाचवतो.

डोळा बसायला वेळ लागतो, आणि तो सगळ्यांनाच लागतो. स्वतःला कमी लेखू नका. माझ्या मते चांगला गुरू तोच, जो निदान सांगण्याआधी स्लाइड तुमच्यापुढे सरकवून ‘काय दिसतंय?’ विचारतो आणि गप्प बसतो. तयार नोट्स वाटणाऱ्यांच्या मागे लागण्यापेक्षा अशा माणसाचं बोलणं खावं.

लो-ग्रेड सिरस हा हाय-ग्रेडचा आधीचा टप्पा समजू नका. त्यात केआरएएस, बीआरएएफ या जनुकांचे बदल भेटतात, टीपी५३ सहसा शाबूत असतं. हाय-ग्रेडची सुरुवात पुष्कळदा फॅलोपियन नलिकेच्या झालरीत (अंडाशयाजवळच्या टोकाला) होते, म्हणून ग्रॉसिंग करताना, म्हणजे नमुना कापून तपासायला घेताना, झालर पूर्ण घ्या. एंडोमेट्रियमसाठी (गर्भाशयाच्या अस्तरासाठी) २०१३ मध्ये टीसीजीएने, म्हणजे कॅन्सरच्या जनुकांच्या मोठ्या संशोधन प्रकल्पाने, मांडलेले चार गट नीट समजून घ्या. पीओएलईचं (डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाचं) रोगकारक म्युटेशन असेल तर सोबत पी५३ बिघडलेलं दिसलं तरी ट्यूमर पीओएलई गटातच जातो, आणि त्याचं भवितव्य चांगलं असतं. नुसत्या पी५३वर गट ठरवलात तर त्या बाईला नको ते जास्तीचे उपचार मिळतील.

गर्भाशयमुखाचं गणित वेगळं. तिथे एचपीव्ही या विषाणूचं ई६ प्रथिन पी५३ मोडून टाकतं आणि ई७ आरबीला (पेशींची वाढ रोखणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला) निकामी करतं. जनुक बहुधा शाबूत असतं, तरी स्टेन फारच पुसट येऊ शकतो. त्यामुळे वरचा नियम तिथे डोळे झाकून लावू नका, पी१६ (एचपीव्हीचा सुगावा देणारा दुसरा स्टेन) सोबत बघा.

आणि एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. ट्यूमरमध्ये बीआरसीए म्युटेशन सापडलं म्हणून ते आनुवंशिक आहे असं बोलून मोकळं होऊ नका. ते फक्त ट्यूमरपुरतंही असू शकतं, त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. एमएलएच१ (डीएनएच्या चुका दुरुस्त करणारं प्रथिन) गेलेलं दिसलं तर आधी त्याच्या जनुकाच्या प्रमोटरचं मिथिलेशन, म्हणजे जनुक बंद करणारा रासायनिक बदल, तपासा. एंडोमेट्रियममध्ये बहुतेक वेळा कारण तेच निघतं, लिंच सिंड्रोम (आनुवंशिक कॅन्सर-प्रवण विकार) नव्हे. तोवर मुलीबाळींना तपासायला बोलवा असं त्या घरात कुणी सांगू नये.