एखादा ग्रंथ नव्या करारात का आला नाही, हे कसे तपासावे

इ.स. ३२५च्या नाईसिया परिषदेत, म्हणजे ख्रिस्ती बिशपांच्या सभेत, मतदान होऊन नवा करार (बायबलचा दुसरा भाग) ठरला, हा समज आधी बाजूला ठेवा. त्या परिषदेने ग्रंथांची यादी केलीच नाही.

उदाहरणाला ‘हर्मासचा मेंढपाळ’ हा आरंभीचा ख्रिस्ती ग्रंथ घ्या. चौथ्या शतकातला बिशप युसेबियस याच्या ‘चर्चचा इतिहास’ या ग्रंथातला तिसरा खंड, पंचविसावे प्रकरण उघडा. सर्वमान्य, वादग्रस्त आणि अप्रमाण अशी विभागणी तिथे आहे. हर्मास अप्रमाणांत सापडेल. कारण मुराटोरीच्या यादीत (नव्या करारातल्या ग्रंथांची एक जुनी यादी) मिळते: हा ग्रंथ अलीकडचा, म्हणून खुशाल वाचा, पण उपासनेत प्रेषितांच्या (येशूच्या पहिल्या शिष्यांच्या) लेखनाबरोबर नको. खरी कसोटी इथेच दिसते, प्रेषितांच्या काळाशी नाते.

मग अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याचे ३६७चे ईस्टरपत्र (ईस्टर सणानिमित्त चर्चना लिहिलेले पत्र) पाहा. त्यात आजचेच २७ ग्रंथ आहेत. हर्मास त्यांत नाही, पण नवशिक्यांच्या वाचनासाठी सुचवलेला आहे. ‘वगळलेला म्हणजे पाखंडी’ असे म्हणणारे इथेच चुकतात.

हस्तलिखिते शेवटी पाहा. चौथ्या शतकातल्या सिनाय हस्तलिखितात (बायबलची एक ग्रीक प्रत) प्रकटीकरणानंतर, म्हणजे नव्या करारातल्या शेवटच्या ग्रंथानंतर, बर्नबाचे पत्र (हेही नव्या कराराबाहेरचे) आणि हर्मास आहेत. एका बांधणीत असणे म्हणजे मान्यता नव्हे.

प्रदेशही नोंदवा, कारण यादी सगळीकडे सारखी नव्हती: पेशित्तात, म्हणजे बायबलच्या सिरियाक भाषेतल्या अनुवादात, नव्या कराराचे मुळात २२च ग्रंथ होते, प्रकटीकरण नव्हते.