संग्रहालयातील न उलगडणारी प्राचीन नाणी कशी ओळखावीत

तेर, पैठण, भोकरदन या मराठवाड्यातील प्राचीन नगरींच्या परिसरातून आलेली नाणी ओळखताना त्यांच्यावरील लेख वाचण्याची घाई करू नये. आधी धातू, वजन आणि चिन्हे पाहावीत. कारण शिशाच्या व पोटीनच्या (तांबे, कथील, शिसे यांच्या मिश्रधातूच्या) सातवाहन नाण्यांवर ठशाचा बराच भाग काठाबाहेर गेलेला असतो आणि दोन-तीन अक्षरांवरून ठरवलेला राजा पुढे टिकत नाही.

नाणे घासू नये, त्याला चिंच वा लिंबू तर मुळीच लावू नये. शिशावरची पांढरी भुकटी विषारी असते, म्हणून हातमोजे घालावेत. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन घ्यावे आणि दिवा एका बाजूने, जवळजवळ आडवा धरून छायाचित्र काढावे. झिजलेला उठाव त्या सावलीतच दिसतो.

एकही अक्षर नसलेले, सुमारे ३.३ ग्रॅमचे आणि एका बाजूला पाच ठसे असलेले चांदीचे नाणे बहुधा आहत, म्हणजे सुटे ठसे ठोकून घडवलेले, नाणे असते. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि मागच्या बाजूला चार वर्तुळे जोडणारे उज्जैन चिन्ह दिसले, तर सातवाहनांचा विचार आधी करावा. त्यांचे लेख ब्राह्मीत, काठालगत आणि षष्ठी विभक्तीत असतात, उदाहरणार्थ ‘रञो गोतमिपुतस सिरि यञ सातकणिस’, म्हणजे ‘राजा गौतमीपुत्र श्री यज्ञ सातकर्णीचे’. मात्र केवळ ‘गोतमिपुतस’ एवढेच वाचता आले तर तेथेच थांबावे, कारण गौतमीपुत्र सातकर्णी आणि यज्ञ सातकर्णी हे दोघेही गौतमीपुत्र म्हणवतात. निर्णय ‘यञ’ या दोन अक्षरांवर अवलंबून असतो.

सर्वांत जास्त कोडे घालतात ती पुनर्मुद्रित, म्हणजे जुन्या नाण्यावरच नवा ठसा मारलेली, नाणी. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेल्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकी बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांवरच आपली चिन्हे उमटवली आहेत. त्यामुळे उज्जैन चिन्हाखाली नहपानाच्या चेहऱ्याचे नाक किंवा ग्रीक अक्षरांचा तुकडा दिसला, तर त्याला दोष समजू नये. मोठ्या छायाचित्रावर पारदर्शक कागद ठेवून दोन्ही ठसे वेगळ्या रंगांनी गिरवावेत आणि कोणती रेषा कोणत्या रेषेला तोडते ते पाहावे. तोडणारी रेषा नंतरची. हे काम वेळखाऊ आहे, पण एकाच नाण्यातून दोन राजवटींचा क्रम हाती लागतो, तेव्हा तो वेळ सार्थकी लागतो.

नोंदवहीत प्रत्यक्ष दिसलेली अक्षरे आणि अंदाजाने भरलेली अक्षरे वेगळी दाखवावीत, प्राप्तिस्थळ न चुकता लिहावे आणि खात्री नसेल तेथे ‘सातवाहन, राजा अनिश्चित’ एवढीच नोंद करावी.