नव्या सरपंचाने वाडीला निरोप कसा द्यावा

पहिल्या वर्षात निधीपेक्षा निरोपावरूनच जास्त भांडणं होतात. कोकणात ती बहुतेक एप्रिल-मेमध्ये, विहिरी आटल्या की.

ग्रामसभेचे नियम ठाऊक असतीलच: वर्षाला किमान चार सभा, गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला कमी आकडा, आणि आधी महिलांची सभा. त्यात ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) सांभाळून घेतो. फसायला होतं वाडीप्रमुखाकडे. त्याला सांगितलं की वाडीला कळलं, असं धरून चालू नका. टाकी धुवायची म्हणून दोन दिवस पाणी बंद, एवढाच निरोप असतो. वहाळ ओलांडून पलीकडे जाईतो "खालच्या वाडीचं पाणी तोडलं" होतं. तिथून कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं, आणि संध्याकाळी मुंबईहून चाकरमान्यांचे फोन. तोवर तुमचं खरं कारण ऐकायला कोणी मोकळं नसतं.

म्हणून निरोप आधी कागदावर. कारण पहिल्या ओळीत, मग कुठली वाडी, कधीपासून कधीपर्यंत, तोवर पाणी कुठून भरायचं, अडलं तर फोन कोणाला. हाच मजकूर, एक शब्दही न बदलता, एसटीच्या थांब्यावर, रेशन दुकानात, अंगणवाडीत आणि ग्रुपवर एकाच दिवशी. मग प्रत्येक वाडीत अर्धा तास बसा. उठण्याआधी एखाद्या बाईंना विचारा, "काकी, शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगाल?" त्या जे सांगतील तोच तुमचा निरोप. चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त होतं.

कोळीवाड्यात होड्या समुद्रात असताना बैठक लावलीत तर रिकाम्या खुर्च्यांशी बोलाल. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तेव्हा माणसं भेटतात. पण पाण्याची गोष्ट तोवर थांबत नाही. होड्या लागतात त्या धक्क्यावर जाऊन सांगा.

टँकरची तारीख स्वतःच्या तोंडाने कधीच देऊ नका. प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे, तेवढंच सांगा.

माईकवर आवाज कापतो? कापू दे, लोक सांभाळून घेतात. दोन दिवसांच्या वक्तृत्व शिबिराला पैसे मात्र घालवू नका. त्यापेक्षा गावातल्या निवृत्त पोस्टमनसोबत चार वाड्या फिरा. कुठल्या घरात आधी कोणाशी बोलायचं हे त्याला पाठ असतं.

आणि सभेत ठराव झाला की तो लिहिल्याबरहुकूम मोठ्याने वाचून घ्या, सह्या त्यानंतर.