जुन्या बॅटरीवाल्या स्कूटीचा ब्रेक: आधी तपासा, मग दाबा

पेट्रोलच्या गाडीचा एक्सलेटर सोडला की इंजिन तिला थोडं मागं ओढतं. शिशाच्या बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या स्कूटीत बहुधा तसं काही नसतं. मागच्या चाकातली मोटर मोकळी फिरते, आणि पंचवीस किलोच्या वरच्या बॅटरीचं वजन गाडीला पुढे रेटत राहतं. थांबवायचं सगळं काम दोन चाकांतल्या ड्रम ब्रेकवर येतं.

म्हणून सगळ्यात आधी कट-ऑफ स्विच बघा. ब्रेक लिव्हरच्या बुडाशी असलेला हा लहानसा स्विच मोटरचा करंट तोडतो. गाडी डबल स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी ठेवा आणि एक्सलेटर अगदी हळू फिरवा. आता पुढच्या ब्रेकचा लिव्हर ओढा. मोटर लगेच बंद पडली पाहिजे. मागचा लिव्हर मात्र जरासाच ओढा; जोरात ओढला तर चाक स्विचनं थांबलं की ब्रेकनं, ते कळत नाही. मोटर चालूच राहिली तर बहुतेक स्विचची पिन धुळीनं अडकलेली असते, नाहीतर हँडलच्या वळणाशी वायर तुटलेली असते. अशी गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेक आणि मोटर एकमेकांशी झगडतात, शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) तापतात आणि मोटरला करंट पुरवणारा कंट्रोलरही जळू शकतो.

लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिमी मोकळी चाल (ब्रेक लागण्याआधीची ढिलाई) ठेवा. ड्रमजवळचा नट अर्धा-अर्धा फेरा फिरवून ती जुळवा, मग चाक हातानं फिरवून बघा. घासल्याचा आवाज आला तर नट थोडा सैल करा. शूचं अस्तर 2 मिमीच्या खाली गेलं असेल तर शू बदला. चकाकी आली असेल तर 120 नंबरच्या पालिश पेपरनं हलकं घासा. आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या अस्तरात फुफ्फुसांना घातक अॅस्बेस्टॉस असू शकतं. ग्रीस फक्त कॅमच्या (शू पसरवणाऱ्या तुकड्याच्या) पिनला, तेही नखभर. शूला लागलं तर ब्रेक गेलाच समजा.

चालवताना एक्सलेटर पूर्ण सोडा आणि दोन्ही ब्रेक सोबत दाबा. पुढच्याचा जोर हळूहळू वाढवा. दाबताच वजन पुढे जातं, म्हणून नुसता मागचा दाबला की चाक घसरतं. 25 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 7 मीटर जाते. ब्रेक दाबेपर्यंत एवढं अंतर सरतं, आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी साधारण 6 मीटर लागतात. पांदणीच्या चिखलात किंवा रस्त्यावर सांडलेल्या सोयाबीनच्या कुटारावर याच्या दुप्पट धरा, आणि तिथं पुढचा ब्रेक जपून. मागं युरियाचं 45 किलोचं पोतं असेल तर आणखी लवकर सुरुवात करा.

रपट्यावरून पाण्यातून गेल्यावर पन्नासेक मीटर दोन्ही ब्रेक हलके धरून चालवा. ड्रम वाळतात.

एक्सलेटर अडकला तर दोन्ही ब्रेक घट्ट दाबा आणि किल्ली ऑफ करा. फक्त ऑफपर्यंत, त्यापुढे हँडल लॉक होतं.

चिखलदऱ्याहून उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. काही गाड्यांत ब्रेक लावताच मोटर बॅटरी भरू लागते आणि गाडीला आवर घालते. वर पूर्ण चार्ज करून निघालात तर ती मदत कमी मिळते, कधी मिळतच नाही. जळका वास आला किंवा लिव्हर दाबूनही गाडी आवरेना, तर सपाटीला थांबा आणि ड्रम आपोआप थंड होऊ द्या. पाणी ओतू नका, ड्रमचं तापलेलं बीड (ओतीव लोखंड) तडकतं.