ड्रुइड मंडळ कसं जमवावं: आठ सण आणि एक रिंगण

इंग्लंडला राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी शेजारणीबरोबर मी एव्हबरीच्या दगडी वर्तुळात गेले. उन्हाळ्याचा अयनदिन, म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस होता. ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांची परंपरा आज पाळणारी, पांढरे झगे घातलेली माणसं बघून मी मागेच उभी राहिले. तेवढ्यात एक आजी आल्या, पावाची टोपली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही रिंगणात फिरवशील का? माझे गुडघे दुखतात." त्या टोपलीमुळे मी पुन्हा गेले. आता आमच्या गावात आमचं स्वतःचं छोटं ड्रुइड मंडळ आहे. तुम्हालाही असं मंडळ सुरू करायचं असेल, तर आमच्या अनुभवातून हे सांगते.

आधी खरं ते सांगा

प्राचीन ड्रुइडांनी आपली शिकवण लिहून ठेवली नाही. त्यांच्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बरंचसं सीझर आणि प्लिनीसारख्या रोमनांनी लिहिलेलं. आजची परंपरा त्या मानाने अलीकडची. १७९२ साली वेल्श कवी इओलो मॉर्गनग यांनी लंडनच्या प्रिमरोज हिलवर कवींची सभा, म्हणजे गोरसेद्द, भरवली. रॉस निकोल्स यांनी १९६४ मध्ये बार्ड (कवी), ओव्हेट (निसर्ग आणि भविष्य जाणणारे) आणि ड्रुइड यांची संस्था काढली, आणि आठ सणांचं वर्षचक्र तिथे रुजलं. हे पहिल्याच भेटीत सांगून टाका. "आमच्यात दोन हजार वर्षांचं रक्त आहे" असं कोणी म्हणायला लागलं, की ज्याचं आडनाव वेगळं, रंग वेगळा, तो आपोआप रिंगणाबाहेर पडतो. इथे वंश लागत नाही, आणि आपला धर्म सोडावाही लागत नाही.

तारखा आणि जागा

चार सण सूर्याचे: दोन अयनदिन (सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस), दोन विषुवदिन (दिवस-रात्र सारखे). मधले चार ऋतूंचे: ३१ ऑक्टोबरला साऊइन (हिवाळ्याची सुरुवात), १ फेब्रुवारीला इमॉल्क (वसंताची चाहूल), १ मेला बेल्टेन (उन्हाळ्याची सुरुवात), १ ऑगस्टला लूनासा (सुगीची सुरुवात). सण आडवारी आला तर जवळच्या शनिवार-रविवारी घ्या. सुट्टी मिळत नाही म्हणून कोणी तुटू नये. पहिल्या वर्षी चारच सण धरले तरी चालतील, पण एकदा ठरवलेला चुकवू नका. पाच माणसं आली तरी भरवा. दक्षिण गोलार्धात राहणाऱ्यांनी चक्र सहा महिन्यांनी फिरवून घ्यावं. ऑस्ट्रेलियात डिसेंबरच्या उन्हात हिवाळ्याचा सण कसा करणार?

सुरुवात स्टोनहेंजच्या प्रसिद्ध दगडी वर्तुळापासून करू नका. अयनदिनाला तिथे हजारोंची गर्दी असते, नवख्या माणसाशी धड दोन शब्द बोलता येत नाहीत. गावातली बाग, टेकडी, एखाद्याच्या शेताचा कोपरा पुरे. मालकाची किंवा नगरपालिकेची परवानगी आधीच घ्या, शेकोटीबद्दल वेगळं विचारा. निरोपात वाट कशी आहे, बसायला काय मिळेल, शौचालय कुठे, पाऊस आला तर कुठे जमायचं, हे स्पष्ट लिहा. चाकाच्या खुर्चीवरून कोणी येणार असेल तर चिखलाची पायवाट नको. झगा घालणं ऐच्छिक आहे, हेही लिहा. नाहीतर लोक त्याच काळजीने घरी बसतात.

रिंगण

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ती सुरुवातीआधीची दहा मिनिटं. सगळ्यांना जवळ बोलावून आज काय होणार ते साध्या भाषेत सांगा: रिंगण कसं धरायचं, केव्हा काय म्हणायचं, आणि काही म्हणायचं नसेल तर नुसतं उभं राहिलं तरी चालतं. मग कामं वाटा. एकाने पाणी धरावं, एकाने दिवा, एकाने पाव. नव्या माणसाला काहीतरी हातात द्याच.

विधी अर्ध्या तासाचा पुरे. आधी चारही दिशांना शांती मागायची. वेल्सच्या गोरसेद्द सभेत तलवार अर्धवट उपसून आर्चड्रुइड (सभेचे प्रमुख) तीनदा विचारतात, "शांती आहे का?" आणि सगळी सभा "हेद्द्वख", म्हणजे "शांती", असं उत्तर देते. तलवार पूर्ण कधीच उपसत नाहीत. आम्ही तलवारीशिवाय हेच तीन प्रश्न विचारतो. ज्याला बाकी काही येत नाही, त्यालाही तो एक शब्द येतो. पुढे "आवेन" म्हणायचं: आ-ऊ-एन, लांब, एका श्वासात, तीन वेळा. हा वेल्श शब्द, अर्थ काव्याची प्रेरणा. कुजबुजत म्हटला तरी चालतो. मग त्या सणाबद्दल दोन शब्द, आणि दिशांचे आभार.

यानंतर खरी गंमत, म्हणजे आइस्तेद्वोद, गाण्या-कवितांची वेल्श मैफल. ज्याला जे येतं ते त्याने म्हणावं: गाणं, गोष्ट, कविता. एका इमॉल्कला आग धुमसत होती, सगळे गारठलेले, आणि माझी पाळी आली. मी आजीची जात्यावरची ओवी म्हटली. शब्द कोणालाच कळले नाहीत, पण दुसऱ्या ओळीपासून लोक हाताने ताल धरायला लागले. मीड, म्हणजे मधाची दारू, फिरवता तेव्हा सफरचंदाचा रसही ठेवा. न पिणाऱ्याला कारण सांगावं लागू नये.

जागा सोडताना कचरा, मेणबत्तीचं मेण, सगळं उचला. झाडांना रंगीत फिती बांधायचा मोह होतो, पण प्लास्टिकची फीत वर्षानुवर्षं तशीच राहते आणि फांदीला काचते. बांधायचीच तर सैल गाठीने सुती चिंधी बांधा.

निघण्यापूर्वी पुढच्या सणाची तारीख तिथेच जाहीर करा. पुढच्या वेळी पावाची टोपली कोण फिरवणार, तेही ठरवा. शक्यतो आज पहिल्यांदाच आलेल्या माणसाला विचारा.