वाई ते सातारा, सहा जणांत: लांब पल्ल्याच्या रिलेची आखणी

शिवजयंतीच्या आदल्या रात्री गडावरून ज्योत घेऊन गावाकडे धावत निघालेली मुले सातारा जिल्ह्यात कोणी पाहिली नाहीत, असे होणार नाही. पुढे ज्योत घेतलेला एक जण, त्याच्यामागे चौघे-पाचजण, आणि सर्वांत मागे भगवा लावलेला टेम्पो. दम लागला की ज्योत पुढच्याच्या हाती द्यायची आणि टेम्पोत चढायचे. लांब पल्ल्याची सांघिक रिले मुळात याहून वेगळी नाही. फरक इतकाच की तिच्यात कोण, कोठून कोठपर्यंत आणि साधारण किती वाजता धावणार, हे आधी ठरलेले असते. आणि एकदा टप्पा हाती घेतला की दम लागला म्हणून तो मध्येच दुसऱ्याला देता येत नाही.

जपानमध्ये या प्रकाराला एकिदेन म्हणतात. 1917 साली क्योतो ते टोकियो अशी सुमारे 508 किलोमीटरची पहिली एकिदेन झाली, आणि 1920 पासून विद्यापीठांच्या संघांची हाकोने एकिदेन होत आली आहे, जिच्यात दहा धावपटू दोन दिवसांत मिळून सुमारे 217 किलोमीटर अंतर कापतात. तेथे बॅटनऐवजी तासुकी नावाचा कापडी पट्टा खांद्यावरून तिरका घातला जातो. एखादा संघ फार मागे पडला, तर त्याच्या पुढच्या धावपटूला तासुकीची वाट न पाहता सोडून दिले जाते, आणि काही क्षणांच्या उशिराने पट्टा हातात घेऊन पोहोचलेल्या मुलाला तो द्यायला समोर कोणीच नसते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात 1982 साली सुरू झालेल्या हूड टू कोस्ट या रिलेत बारा जणांचा संघ छत्तीस टप्प्यांत सुमारे 320 किलोमीटर अंतर कापतो. एवढी मजल आपल्याला मारायची नाही. परंतु प्रत्येकाने एकापेक्षा अधिक वेळा धावायचे आणि मधला वेळ गाडीत काढायचा, ही पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे.

साताऱ्यात 2012 पासून यवतेश्वर घाटातली हिल हाफ मॅरेथॉन होत असल्यामुळे एकवीस किलोमीटर चढ-उतार धावलेली माणसे आता गल्लोगल्ली भेटतात. अशा सहा जणांनी एका दिवसात पार करावा असा एक मार्ग येथे उदाहरणादाखल घेतो: वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, केळघर घाट, मेढा आणि सातारा. अंतर सुमारे 86 किलोमीटर भरते. मला हा मार्ग आवडतो तो अंतरासाठी नव्हे. कृष्णा आणि वेण्णा या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात. आपण कृष्णेच्या खोऱ्यातून वर चढतो, वेण्णेच्या खोऱ्याने खाली उतरतो, आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्या दोघी पुन्हा भेटतात.

दिशा मात्र हीच ठेवावी. साताऱ्याहून वाईला महामार्गाने परतणे अंतराने सोपे असले तरी तेथे पायी माणसाला जागा नाही, त्यामुळे वर्तुळ पूर्ण करण्याचा मोह टाळावा. उलट दिशेने, म्हणजे साताऱ्याहून निघाल्यास, महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावर आपण नेमके पर्यटकांच्या गाड्यांच्या वेळेला पोहोचतो. वाईतून पहाटे 5 वाजता निघाल्यास पसरणी घाट रिकामा मिळतो, उजाडता उजाडता पाचगणी येते, बहुतेक पर्यटक न्याहारीत असतानाच महाबळेश्वर मागे पडते आणि जंगलातला केळघर घाट लख्ख उजेडात लागतो. या भागात गव्यांचा वावर आहे, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. गवा रस्त्यावर दिसला तर थांबावे, त्याला वाट द्यावी आणि वेळेचा हिशेब विसरावा.

महिना डिसेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर असा धरावा, परंतु नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या वगळाव्यात. पावसाळ्यात धुके आणि दरडी यांमुळे हा विचारच करू नये. हिवाळ्याची एक अडचण अशी की तो ऊसतोडीचा हंगाम असतो, आणि अंधारात मागे दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वाटेत केव्हाही भेटू शकतो. उजाडेपर्यंत कपाळावर दिवा आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट याला पर्याय नाही.

आता टप्प्यांची वाटणी. वाई ते पाचगणी या बारा किलोमीटरच्या चढाचे दोन, पाचगणी ते महाबळेश्वर या एकोणीस किलोमीटरचे तीन, महाबळेश्वर ते मेढा या साधारण एकतीस किलोमीटरचे चार आणि मेढा ते सातारा या चोवीस किलोमीटरचे तीन, असे बारा टप्पे होतात. प्रत्येकाच्या वाट्याला दोन टप्पे आणि एकूण चौदा-पंधरा किलोमीटर येतात. हा आकडा पाहून अर्धमॅरेथॉन धावणारा माणूस हसतो. त्याला हसू द्यावे. मग त्याला सांगावे की पहिला धावपटू पहाटे पसरणीचा चढ चढून पावणेसहाला मोकळा होतो, पुढचे सुमारे चार तास गाडीत बसतो, आणि पावणेदहाच्या सुमारास आखडलेले पाय घेऊन त्याला केळघर घाटाचा उतार धावायचा असतो.

या मार्गाची मेख येथेच आहे. क्रमवारी न बदलता धावायचे तर पहिल्याकडे पहिला आणि सातवा टप्पा येतो, दुसऱ्याकडे दुसरा आणि आठवा. म्हणजे ज्या दोघांनी चढ घेतला, त्यांच्याच वाट्याला घाटातला मोठा उतार येतो. चढाने दम लागतो, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंना खरा मार उतारावर बसतो, कारण प्रत्येक पावलाला ते ताणले जात असतानाच शरीराचा भार अडवत असतात. म्हणून पहिल्या दोन जागा संघातल्या सर्वांत वेगवान माणसांना नव्हे, तर गुडघ्यांची तक्रार नसलेल्या आणि उताराचा सराव असलेल्या माणसांना द्याव्यात. नवख्या माणसासाठी तिसरी जागा सोयीची, कारण त्याचा पहिला टप्पा पाचगणीच्या पठारावर आणि दुसरा मेढ्याकडे जाणाऱ्या सौम्य रस्त्यावर पडतो. चौथ्या आणि पाचव्या जागेला दुसऱ्या खेपेस भर दुपारचे ऊन लागते. तेथे उन्हाची सवय असलेले हवेत.

सहावी जागा सर्वांत अवघड, असे माझे मत आहे. इतरांबरोबर तोही पहाटे चारला उठलेला असतो, परंतु पावणेनऊपर्यंत त्याला पाऊल टाकायला मिळत नाही. तोवर त्याने दोनदा चहा घेतलेला असतो, तीनदा बूट सैल करून पुन्हा बांधलेले असतात आणि प्रत्येकाला सल्ला देऊन झालेला असतो. शेवटचा टप्पाही त्याचाच, साताऱ्यात शिरतानाच्या वाहतुकीतला. या जागेवर शांत स्वभावाचा माणूस ठेवावा. वेग थोडा कमी असला तरी चालेल.

सराव करताना आठवड्याचे एकूण अंतर वाढवण्यापेक्षा एकाच दिवशी दोनदा धावण्यावर भर द्यावा. सकाळी सहा-सात किलोमीटर धावल्यानंतर चार तास खुर्चीत बसून घालवावेत आणि पुन्हा तेवढेच धावावे. ही कसरत आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे केली की दुसऱ्या खेपेचे पहिले दीड किलोमीटर लाकडी पायांनी काढावे लागतात आणि नंतर अंग मोकळे होते, हा अनुभव शरीराला होऊन जातो. त्या दीड किलोमीटरमध्ये घाबरून वेग वाढवला की पोटरी धरते. यवतेश्वर घाट चढून वाहनाने परतण्याची सवय असलेल्यांनी निदान या काळात उतारही धावतच उतरावा, मात्र लहान पावले टाकत आणि टाचेवर न आदळता.

रिलेचे खरे गणित गाडीत सुटते किंवा बिघडते. सहा जणांना एक मोठी गाडी पुरते, परंतु चालक स्वतंत्र हवा. धावून आलेल्या, घामेजलेल्या माणसाच्या हाती घाटात स्टिअरिंग देणे हा शुद्ध अविचार आहे. ज्योतीमागच्या टेम्पोप्रमाणे धावणाऱ्याच्या मागे मागे गाडी रांगत नेऊ नये, कारण अरुंद घाटात त्यामुळे मागची वाहने अस्वस्थ होऊन धोकादायकरीत्या पुढे काढतात. गाडीने पुढच्या बदलाच्या ठिकाणी जाऊन थांबावे. ही ठिकाणे महिनाभर आधी स्वतः जाऊन पाहावीत, गाडी रस्त्याबाहेर पूर्ण उभी राहील अशीच निवडावीत आणि घाटातल्या वळणावर एकही ठेवू नये, मग टप्पा अर्धा किलोमीटर लहान-मोठा झाला तरी हरकत नाही. पाचगणी आणि महाबळेश्वर येथे प्रवेशाच्या नाक्यावर गाडीला थांबावे लागते आणि धावणारा सरळ निघून जातो, तेव्हा सुटे पैसे हाताशी असावेत.

अपेक्षित वेळांचा तक्ता कागदावरच करावा. पसरणीच्या चढाला किलोमीटरमागे आठ मिनिटे आणि उरलेल्या मार्गाला सात मिनिटे धरली, तर पाचगणी 6:35, महाबळेश्वर 8:50, मेढा 12:25 आणि सातारा 3:15 असा हिशेब बसतो. प्रत्येक बदलानंतर एकाने पुढच्या वेळा दुरुस्त करायच्या आणि पुढच्या धावपटूने अंदाजित वेळेच्या पंधरा मिनिटे आधी बूट बांधून रस्त्यावर उभे राहायचे. घाटात मोबाइलची रेंज सगळीकडे मिळेल असे धरून चालू नये. आमच्या पहिल्या प्रयत्नात चौथा धावपटू टपरीवर चहा पीत राहिला आणि तिसरा ठरलेल्या जागी येऊन आठ मिनिटे थंडीत एकटाच उभा राहिला. वेळ गेल्याचे कोणाला काही वाटले नाही, पण त्या दोघांचे बोलणे मेढ्यापर्यंत बंद होते. तेव्हापासून आमच्याकडे ‘पुढचा’ कोण आहे, याची हाक प्रत्येक बदलानंतर मोठ्याने दिली जाते.

बॅटन हातात धरून सात-आठ किलोमीटर धावणे कंटाळवाणे होते. मनगटाला गुंडाळता येईल असा रुमाल किंवा जपान्यांसारखा तिरका पट्टा बरा. आम्ही एक जुने उपरणे वापरतो. ते दुपारपर्यंत सहाही जणांच्या घामाने चिंब होते, आणि तरीही ते गळ्यात पडले की पाय आपोआप उचलले जातात. एकट्याच्या शर्यतीत थकलेला माणूस चालू लागला तर त्याचा हिशेब त्याच्यापुरता असतो. येथे पुढे कोणीतरी जाकीट काढून कुडकुडत उभा आहे, हे ठाऊक असते. या खेळाची ओढ मला तरी यातच वाटते, आणि जाचही यातच आहे. दुखत असूनही सांगायचे नाही, अशी वृत्ती याच ओझ्यातून तयार होते. म्हणून एखादा जायबंदी झाला तर त्याचा टप्पा कोणते दोघे वाटून घेणार, हे निघण्यापूर्वीच लिहून ठेवावे. पर्याय तयार असला की माणूस दुखणे लपवत नाही.

धावताना रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे. घाटातल्या आंधळ्या वळणावर डोंगराच्या बाजूची आतली कड मात्र चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, तेव्हा असे वळण येण्याच्या बरेच आधी दोन्हीकडे पाहून बाहेरच्या कडेला जावे आणि वळण संपल्यावर परत यावे. कानात गाणी नकोत. वस्तीजवळ कुत्री अंगावर आली तर पळू नये, चालू लागावे. वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि मेढा येथील पोलीस ठाण्यांना आधी लेखी कळवणे ही औपचारिकता वाटली तरी करावी.

थंडीचा विचार पोहोचण्याच्या क्षणाचा करावा, निघण्याच्या नव्हे. वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, आणि आपला पाचवा टप्पा त्याच रस्त्याने जातो. टप्पा संपताच ओला शर्ट काढून कोरडे कपडे, कानटोपी आणि मोजे चढवावेत; गप्पा त्यानंतर. पाच मिनिटे चालल्याशिवाय गाडीत बसू नये, आणि बसल्यावर पाय लांब करता यावेत म्हणून सामान टपावर टाकावे.

पहिल्या अर्ध्या तासात केळे, खजूर किंवा गूळ-शेंगदाण्याचा लाडू घ्यावा आणि मीठ-साखर-लिंबाचे पाणी थोडे थोडे प्यावे. तासाभराने दहीभात किंवा उपमा चालतो. पुढच्या धावेच्या दीड-दोन तास आधी पोटभर खाणे थांबवावे. महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी-क्रीम आणि मेढ्याच्या वाटेवर तळणीचा वास येणारच. मिसळ, वडे आणि सातारी कंदी पेढे शेवटच्या टप्प्यानंतरसाठी राखून ठेवावेत. दुपारच्या टप्प्यांत, विशेषतः कण्हेर धरणाच्या परिसरात सावली कमी असल्याने, एरवी टाळलेला गाडीचा थांबा टप्प्याच्या मध्यावर एकदा पाण्यासाठी द्यावा.

साताऱ्यात पोहोचल्यावर अंगात बळ उरले असेल तर सहाही जणांनी मिळून आणखी पाच किलोमीटर संगम माहुलीपर्यंत जावे, धावत किंवा चालत. वेळ तेथे मोजू नये. घरी जाण्यापूर्वी घाटावर बसूनच प्रत्येक बदलाची खरी वेळ, कोणाला कोठे थंडी वाजली, कोणते ठिकाण गाडीला अडचणीचे पडले, हे चालकासकट सर्वांकडून एका वहीत उतरवून घ्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना ज्याच्या मांड्या सर्वांत जास्त दुखतील, त्याला पुढच्या वर्षी सातवा टप्पा द्यायचा नाही, हेही त्याच वहीत लिहावे.