सोसायटीच्या हॉलमध्ये व्हर्मीर, खऱ्या मापात

२०२३ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरची २८ चित्रं एकत्र आणली होती. त्याची म्हणून मानली जाणारी चित्रं जगभरात मिळून जेमतेम ३७. ठाण्याहून तिकडे जाणं कितीजणांना जमणार? पण चारपाच चित्रांचं प्रदर्शन वसंत विहारमधल्या एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्येही भरवता येतं. अट एकच: प्रिंट मूळ मापाचीच हवी. मोबाइलवर सगळी चित्रं एकाच आकाराची वाटतात. प्रत्यक्षात ‘लेस विणणारी’ २४.५ बाय २१ सेंटिमीटर, म्हणजे ए-फोरमध्ये मावणारी. आणि ‘डेल्फ्टचं दृश्य’ जवळजवळ ११६ सेंटिमीटर रुंद. हा फरक भिंतीवर दिसणार नसेल, तर घरी बसून मोबाइलवरच बघा.

‘दूध ओतणारी’ आणि ‘छोटी गल्ली’ राइक्सम्युझियमच्या वेबसाइटवरून फुकट उतरवता येतात. सर्वात मोठी फाइल घ्या. ‘दूध ओतणारी’साठी उंची किमान २,७०० पिक्सेल हवी, नाहीतर पावावरचे ठिपके लोण्यासारखे पसरतात.

प्रिंटला फोटो स्टुडिओत जाऊ नका, आर्किटेक्टचे नकाशे काढणाऱ्या प्लॉटरवाल्याकडे जा. तो म्हणणारच, “मॅडम, पानभर मोठं करून देतो, पैसे तेवढेच.” नको म्हणा. ‘दूध ओतणारी’ ४५.५ बाय ४१ आहे, ए-टूवर बरोबर बसते. पट्टी घेऊन जा, मोजा, मग पैसे द्या. ‘डेल्फ्ट’ला ३६ इंची रोल पुरत नाही, ४२ इंची नसेल तर ते चित्र सोडून द्या, लहान करून लावू नका. कागद मॅट. लॅमिनेशन अजिबात नको, ट्यूबलाइटचा पट्टा नेमका चेहऱ्यावर येतो.

लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर ठेवा आणि दोन चित्रांत हातभर तरी जागा सोडा. मासिकाच्या पानासारखी दाटी केली की कुणी थांबत नाही. वरच्या ट्यूब बंद करा, डावीकडे पिवळसर दिवा लावा, कारण ‘दूध ओतणारी’त उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो. मास्किंग टेपच वापरा. सेलोटेपनं भिंतीचा रंग निघतो आणि मग सेक्रेटरी पुढच्या वेळी हॉल देत नाहीत.

माहितीची पाटी चार ओळींपुढे नको. त्यापेक्षा लोकांना ‘दूध ओतणारी’त काहीतरी शोधायला द्या: भिंतीतला खिळा, खिळा निघालेलं भोक, खाली टाइलवरचा मदन. मुलांना दोरा द्या. मूळ चित्रात बाईच्या उजव्या हाताच्या वर टाचणीची खूण सापडली आहे. तिथून दोरा ताणून व्हर्मीरनं रेषा आखल्या असं अभ्यासक मानतात. प्रिंटवर तिथे टाचणी लावून दोरा खिडकीच्या चौकटीकडे ताणला की मुलं स्वतःच “अरे, जुळतंय!” म्हणतात. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवायची रीत, मी ड्रॉइंगच्या क्लासात फळ्यावर शिकवते, तेव्हा हीच मुलं जांभया देतात.

आमच्या शेजारच्या आजींनी कुठलीच पाटी वाचली नाही. म्हणाल्या, “एवढी बारीक धार, म्हणजे मोजून ओततेय. काहीतरी शिजवायचंय तिला.” तिथे ब्रेडचं पुडिंग होत असावं, असा अनेक अभ्यासकांचाही कयास आहे. म्हणून गाइड म्हणून कुणाला उभं करू नका. खुर्च्या ठेवा आणि लोकांना बोलू द्या.

महिना जानेवारी निवडा. पावसाळ्यात आपल्याकडच्या ओलीनं कागद दोन दिवसांत लाटा धरतो.